आतलं आत, बाहेरचं बाहेर

पोरांनो, आज गोष्टीच्या आधी एक प्रयोग करायचा. घरात बीट असेल तर आईकडून किंवा बाबांकडून त्याच्या चार फोडी कापून घ्या. नळाखाली त्या चांगल्या धुवा. धुताना लाल पाणी जाईल, ते जाऊ द्या. सुरीखाली ज्या पेशी चिरल्या गेल्या, त्यांचा तो रंग. पाणी स्वच्छ यायला लागलं की दोन फोडी साध्या पाण्याच्या पेल्यात टाका आणि दोन कडकडीत गरम पाण्याच्या पेल्यात. गरम पाणी मोठ्या माणसानेच ओतायचं, हे ठरलेलं. मग दहा मिनिटं बघत बसा. साध्या पाण्यातल्या फोडी जशाच्या तशा राहतील, पाणी फार तर फिकट गुलाबी होईल. गरम पाण्यात मात्र फोडीच्या कडेने लाल धागे सुटतील, वळसे घेत तळाशी उतरतील, आणि बघता बघता अख्खा पेला लालभडक होईल.

आता सांगा, बीटाचा रंग पाण्यात सहज विरघळतो, फोड पाण्यात बुडालेली आहे, मग साध्या पाण्यात तो बाहेर का आला नाही? कुणीतरी त्याला आत धरून ठेवलं होतं. गरम पाण्याने रंगाला हात लावला नाही. त्या धरून ठेवणाऱ्यालाच निकामी केलं.

हा धरून ठेवणारा म्हणजे पेशीचं पटल. झाडाच्या पेशीला बाहेरून एक भिंत असते खरी, पण ती जाळीदार. पाणी, मीठ, रंग तिच्यातून आरपार जातात. खरी राखण करतं ते भिंतीच्या आतलं पातळ पटल. बीटाचा रंग तर पेशीच्या आत आणखी एका पिशवीत असतो आणि त्या पिशवीलाही असंच पटल असतं. तुमच्या-माझ्या पेशींना भिंत नसतेच, नुसतं पटल असतं. त्वचेच्या पेशीला, रक्ताच्या पेशीला, मेंदूच्या पेशीला. पटल तर दह्यातल्या जंतूलासुद्धा असतं. जिथे जीव आहे तिथे पटल आहे.

आणि हे पटल आहे तरी किती पातळ? साधारण साडेसात नॅनोमीटर. अशी दहा हजार पटलं एकावर एक ठेवली तर डोक्यावरच्या एका केसाएवढी जाडी होईल. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून पेशीची कड दिसते, पण पटल सुटं दिसत नाही. ते माणसाने पहिल्यांदा नीट पाहिलं १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. ते दिसायच्या पंचवीस-तीस वर्षं आधीच ते कशाचं आहे आणि किती पदरी आहे, हे माणसांनी ओळखलं होतं. न बघता ओळखलं कसं? त्यासाठी एका तळ्याकाठी जावं लागेल.

लंडनमध्ये क्लॅपम नावाच्या भागात एक मोकळं मैदान आहे, तिथे तळं आहे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन त्या तळ्याकाठी उभे राहिले आणि त्यांनी पाण्यावर थोडं तेल ओतलं. चमचाभर, त्याहून जास्त नाही. वाऱ्याने पाण्यावर लाटा उठत होत्या. तेल पसरत गेलं, पसरत गेलं आणि जवळपास अर्ध्या एकरावरचं पाणी आरशासारखं शांत झालं. १७७४ मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. त्यांनी एकच गोष्ट केली नाही, ती म्हणजे भागाकार. चमचाभर तेल भागिले अर्धा एकर, हे गणित केलं असतं तर त्या तेलाच्या थराची जाडी मिळाली असती: सुमारे अडीच नॅनोमीटर. म्हणजे तेलाच्या एका रेणूच्या लांबीइतकी! तळ्यावर तेलाचे रेणू एकाशेजारी एक, एकाच थरात पसरले होते. याहून पातळ तेल पसरूच शकत नाही.

पुढचं पाऊल पडलं एका स्वयंपाकघरात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी राहायची. तेव्हा तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडून पुस्तकं मिळायची, आणि घरची कामं तिच्याकडे असायची. भांडी घासताना पाण्यावर तेलकट तवंग येतो, तो ती टक लावून बघायची. मग तिने पत्र्याचं एक उथळ भांडं घेतलं, ते काठोकाठ पाण्याने भरलं आणि वर पत्र्याचीच एक आडवी पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की तवंगाची जागा कमी-जास्त करता यायची. पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ किती बदलते, हे ती तराजूला टांगलेल्या छोट्या चकतीने मोजायची. १८९१ मध्ये तिने आपली सगळी मोजमापं लॉर्ड रॅले या मोठ्या इंग्रज शास्त्रज्ञाला पत्राने कळवली. रॅलेंचा मोठेपणा असा, की त्यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे छापायला पाठवलं. घरातल्या साध्या भांड्यावर केलेला तो अभ्यास आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या उपकरणाचा पाया आहे. त्याच वाटेने पुढे जाऊन अमेरिकेच्या अर्विंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये दाखवलं, की काही मेदरेणू पाण्यावर उभे राहतात. त्यांच्या एका टोकाला पाणी आवडतं, ते पाण्यात टेकतं. दुसऱ्या टोकाला पाणी नको असतं, ते वर हवेत राहतं.

हे टोकांचं प्रकरण नीट लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीत पुढे येणाऱ्या मेदरेणूला एक डोकं असतं आणि दोन लांब शेपट्या. डोक्याला पाणी हवं, शेपट्यांना नको.

इकडे झुरिकमध्ये चार्ल्स ओव्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेकडो पदार्थ घेऊन पाहिलं होतं, की जिवंत पेशीत काय लवकर शिरतं आणि काय शिरत नाही. त्याला आढळलं, की जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीत भरकन शिरतात. म्हणजे पटल मेदाचं असणार. पण मेदाचे थर किती?

हा प्रश्न सोडवला हॉलंडमधल्या लायडन शहरातल्या एव्हर्ट खोर्टर या बालरोगतज्ज्ञाने, आपल्या ग्रेंडेल नावाच्या सहकाऱ्याबरोबर. साल १९२५. त्यांनी निवडल्या तांबड्या रक्तपेशी, आणि ती निवड फार हुशारीची होती. आपल्या इतर पेशींच्या आतही पटलाच्या पिशव्या असतात, केंद्रकालाही पटल असतं. माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत यातलं काही नसतं. तिच्यातून मेद निघाला तर तो बाहेरच्या पटलाचाच. त्यांनी माणूस, कुत्रा, मेंढी, ससा अशा निरनिराळ्या रक्तांतल्या पेशी मोजून घेतल्या, ॲसिटोनने त्यांतला मेद काढला आणि पाण्यावर एका थरात पसरला. त्याचं क्षेत्रफळ मोजलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून सगळ्यांच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढलं. मेदाचं क्षेत्रफळ पेशींच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट भरलं! अर्थ एकच: पटल दुपदरी आहे.

यात एक गंमत आहे. त्यांचा सगळा मेद निघाला नव्हता, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी प्रत्यक्षाहून कमी धरलं होतं. दोन्ही उणिवांनी एकमेकींना सावरून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. पुढे सुधारलेल्या पद्धतींनी मोजलं तेव्हाही दोन पदर हेच उत्तर टिकलं.

आता दोनच पदर का, हे तुम्हालाच सांगता येईल. पेशीच्या बाहेर पाणी आहे आणि आतही पाणीच आहे. डोक्यांना पाणी हवं, शेपट्यांना नको. मग एका पदरातली डोकी बाहेरच्या पाण्याकडे, दुसऱ्या पदरातली आतल्या पाण्याकडे, आणि दोन्ही पदरांच्या शेपट्या मध्ये एकमेकींकडे तोंड करून, पाण्यापासून लपलेल्या. हे रेणू पाण्यात सोडले की कुणी न रचता आपोआप असे उभे राहतात. त्यांना उघडी कडही सहन होत नाही, कारण कडेला शेपट्या पाण्याला लागतात. म्हणून ते स्वतःला मिटवून घेतात, त्यांची पिशवी होते. काही जोडप्यांना मूल होण्यासाठी डॉक्टर मदत करतात, तेव्हा स्त्रीच्या अंडपेशीत अतिशय बारीक काचेची सुई घालून शुक्राणू आत सोडतात. सुई बाहेर काढली की पटल पुन्हा मिटतं. त्याच पेशीपासून पुढे बाळ वाढतं.

मग हे पटल कडक असेल, असं वाटतं ना? तसं नाही. ते वाहतं. एकेक मेदरेणू शेजारच्याशी एका सेकंदात लाखो वेळा जागा बदलतो. पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीत वारकरी पुढे-मागे होतात, कुणी टाळकऱ्यांजवळ जातं, कुणी पताकेजवळ, पण दिंडी तुटत नाही; पटलाचंही तसंच. मात्र एका पदरातून उलटून दुसऱ्या पदरात जाणं फार क्वचित होतं, कारण त्यासाठी डोक्याला मधल्या तेलकट भागातून जावं लागतं.

हे वाहणं १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन या दोघांनी अगदी डोळ्यांना दिसेल असं दाखवलं. त्यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकमेकींत मिसळून एकच पेशी केली. उंदराच्या पटलावरच्या प्रथिनांना हिरवं चकाकणारं चिन्ह लावलं, माणसाच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. आपल्या शरीराइतक्या उबेत ठेवल्यावर चाळीसेक मिनिटांत हिरवा आणि लाल रंग सगळीकडे एकसारखे मिसळून गेले. थंडीत ठेवलं तेव्हा मात्र ते मिसळणं जवळजवळ थांबलं. दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोल्सन यांनी सगळ्या गोष्टी जुळवून चित्र मांडलं: मेदाचा वाहता दुपदर, आणि त्यात रुतलेली, काही आरपार गेलेली, तरंगत फिरणारी प्रथिनं. तुमच्या वरच्या वर्गाच्या पुस्तकात जे चित्र येईल ते हेच.

थंडीत वाहणं का थांबतं, हे स्वयंपाकघरातच कळतं. थंडीच्या दिवसांत तूप थिजतं, शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं. तुपातल्या बऱ्याचशा मेदांच्या शेपट्या सरळ असतात, त्या एकमेकींना घट्ट लागून बसतात. तेलातल्या शेपट्यांना वाक असतो, त्यांना दाटीने बसता येत नाही. म्हणून बर्फाळ पाण्यातल्या माशांच्या पटलात वाकलेल्या शेपट्यांचे मेद जास्त असतात. त्यांचं पटल तुपासारखं असतं तर थिजून गेलं असतं.

आता गोष्टीतला खरा पेच. मधला भाग तेलकट आहे. श्वासातला ऑक्सिजन त्यातून सहज जातो, कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर येतो. पण मीठ, साखर, अन्नातली बहुतेक सत्त्वं तेलात विरघळत नाहीत. ती अडतात. सगळंच अडवणारी पेशी उपाशी मरेल आणि सगळंच सोडणारी पेशी पेशीच राहणार नाही. म्हणून पटलाला दारं हवीत, आणि प्रत्येक दाराला माहीत हवं, कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही.

पाण्याचंच बघा. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की भांड्यात पाणी सुटतं. मीठ आत शिरायला अडतं, पाणी मात्र पटलातून बाहेर खाऱ्या बाजूकडे येतं. याला परासरण म्हणतात. पाणी मेदातून थोडंफार झिरपतं, हे खरं. पण तांबड्या रक्तपेशीत आणि मूत्रपिंडात ते इतक्या झपाट्याने जातं, की नुसतं झिरपणं पुरणार नाही. पाण्याचं वेगळं दार असणार, असं शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं वाटत होतं. दार सापडत नव्हतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डॉक्टर पीटर आग्रे रक्तगटाच्या एका प्रथिनाचा शोध घेत होते, तेव्हा त्यांच्या हाती भलतंच एक प्रथिन वारंवार यायला लागलं. तांबड्या पेशीत भरपूर, मूत्रपिंडातही भरपूर, काम मात्र ठाऊक नाही. त्यांनी बेडकाच्या अंड्यांना ते बनवायला लावलं. बेडकाची अंडी गोड्या पाण्यातच असतात, त्यांच्या पटलातून पाणी सहसा शिरत नाही. साधी अंडी आणि हे प्रथिन असलेली अंडी पाण्यात ठेवली. साधी अंडी तशीच राहिली. दुसरी फुगली, आणखी फुगली आणि फुटली! दार सापडलं होतं. साल १९९२, पुढे २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दाराची वाट इतकी अरुंद, की पाण्याचे रेणू एकामागे एकच जाऊ शकतात, आणि तरी एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी रेणू जातात. तुमची मूत्रपिंडं दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून बाकी सगळं परत आत घेतात. तहान आपल्याला अधूनमधूनच लागते, ती या दारांमुळे.

काही ठिकाणी दारं नुसती उघडी राहून भागत नाही. तिथे श्रम करावे लागतात. आपल्या रक्तात मिठातलं सोडिअम भरपूर आणि पोटॅशिअम थोडं. पेशीत नेमकं उलट. हा फरक कोण राखतं? डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतल्या चेतांवर काम करून १९५७ मध्ये याचं उत्तर शोधलं. पटलात एक पंप आहे. तो ऊर्जा खर्च करून दर खेपेला सोडिअमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो. रात्रंदिवस, प्रत्येक पेशीत. तुम्ही गाढ झोपलेले असता, तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपांवर जातो. त्यांनी साठवलेल्या या फरकावरच तुमचा मेंदू चालतो. चेतापेशीतली सोडिअमची दारं सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात उघडतात, मिटतात, आणि माझा शब्द तुमच्यापर्यंत पोचतो. पंप थांबला तर आत-बाहेर सारखं होत जातं, पेशी फुगते आणि मरते. जगणं म्हणजे आतलं आणि बाहेरचं वेगळं ठेवायला सतत केलेली मेहनत, हे मला या पंपाने शिकवलं, आणि आज तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

आता शेवटची गोष्ट आपल्या देशातली. कॉलऱ्याला आपले जुने लोक पटकी म्हणत. गावंच्या गावं ओस पडत. १९५९ मध्ये कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी दाखवलं, की कॉलऱ्याचा जंतू एक विष सोडतो आणि खरा घात ते विष करतं. पुढे कळलं, की ते विष आतड्याच्या पेशी फाडत नाही. ते पटलाला चिकटून आत शिरतं आणि मिठातल्याच क्लोराइडची दारं उघडीच ठेवायला लावतं. क्षार बाहेर वाहतात, त्यांच्यामागे पाणी वाहतं. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं.

पण एक दार ते विष बिघडवत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये सांगितलं होतं, की आतड्याच्या पटलात साखरेचं एक खास दार आहे. ते एकट्या ग्लुकोजला आत घेत नाही. सोडिअम बरोबर असेल तरच घेतं. सोडिअम आत ओढलं जातं ते स्को यांच्या पंपाने राखलेल्या फरकामुळे. आणि मीठ-साखर आत गेली की पाणी मागोमाग जातं.

१९७१ साली बांगलादेशाच्या युद्धामुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव इथे कॉलरा पसरला. रुग्णालयात जमिनीवर रुग्णांची दाटी झाली, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तिथे काम करत होते डॉ. दिलीप महालनबीस, खोर्टर यांच्यासारखे तेही बालरोगतज्ज्ञच. त्यांनी ठरवलं, पाणी तोंडाने द्यायचं. एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पिंपांना तोट्या लावल्या, आणि रुग्णांचे नातेवाईकच पेल्यांनी ते पाणी पाजू लागले. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण चारच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या साध्या पाण्याने आजवर जगभरातल्या कोट्यवधी मुलांचे प्राण वाचवले आहेत.

म्हणून ही गोष्ट ऐकून एक गोष्ट पक्की करा. घरात कुणाला जुलाब झाले तर त्याचं पाणी तोडायचं नाही. औषधाच्या दुकानात ओआरएसचं पाकीट मिळतं. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच, उकळून गार केलेलं घ्यायचं आणि पूर्ण पाकीट त्यात घालायचं. गोड लागावं म्हणून वर साखर घालायची नाही. जास्त साखर आतड्यात राहिली तर कैरीला मिठाने जसं पाणी सुटतं तसं शरीरातलं पाणी उलट आतड्यात येईल आणि जुलाब वाढतील. घोट घोट, पुन्हा पुन्हा पाजायचं. रुग्ण पेंगायला लागला, त्याची लघवी थांबली किंवा पोटात काहीच राहिनासं झालं तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. आणि कुणी विचारलं, की जुलाबावर साखर कशाला, तर त्यांना ते दार समजावून सांगायचं.